पुढच्या चाकातली टकटक: एका ट्रायल्स मोटारसायकलच्या हबची दुरुस्ती

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला एक तरुण बागायतदार आपली ट्रायल्स मोटारसायकल टेम्पोत घालून डिचोलीला माझ्या गॅरेजवर आला. तक्रार सरळ होती. "दादा, दगडावरून पुढचं चाक खाली टाकलं की आत टक् करतं. आणि पुढचा ब्रेक धरला की लिव्हर बोटाखाली थरथरतो." त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजात हँडलचा कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंगं, बदलून झाला होता, फोर्कचं तेल बदलून झालं होतं. टकटक तशीच होती. पाऊस आठ-दहा दिवसांवर आलेला, आणि पावसातच याचा खरा सराव असतो. घरच्या कुळागरातून, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतून, ओहोळ जातो, त्यातल्या गुळगुळीत दगडांवर आणि काठच्या जांभ्यावर तो गाडी चढवतो.

ट्रायल्स ही शर्यत नव्हे. दगडधोंड्यांतून आखलेला टप्पा पाय न टेकता पार करायचा असतो. एकदा पाय टेकला तर 1 गुण दंड, दोनदा टेकला तर 2, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी 3, आणि गाडी पडली किंवा हद्दीबाहेर गेली की 5. ज्याचे गुण कमी, तो जिंकला. स्कॉटलंडमधली सहा दिवसांची ट्रायल या खेळातली सर्वांत मानाची. 1965 साली सॅमी मिलरने ती स्पॅनिश बुल्टाकोवर जिंकली आणि त्यानंतर जड फोर-स्ट्रोक गाड्या मागे पडत गेल्या. जागतिक अजिंक्यपद 1975 पासून सुरू झालं. आमच्यासमोरची गाडी त्याच काळातली, त्याच वळणाची: हवेवर थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन, पुढे 21 इंची चाक, मागे 18 इंची, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. या मुलाने ती जुनी, अर्धी खोललेली विकत घेतली आणि दोन वर्षं खपून चालती केली. तिचा हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, नवा मागवायचा तर परदेशातून, तोही जुनाच मिळणार, आणि तोवर पावसाळा संपणार. म्हणून आहे तोच वाचवायचा, हे पहिल्या दिवशीच ठरलं.

अशा गाडीचा वेग माणसाच्या चालण्याएवढाच असतो, तरी पुढच्या हबवर रस्त्यावरच्या गाडीपेक्षा वाईट भार येतो. तीन-चार फुटांच्या दगडावरून गाडी उतरते तेव्हा गाडी आणि स्वार दोघांचंही वजन एका झटक्यात पुढच्या अ‍ॅक्सलवर येतं, बहुतेक वेळा ब्रेक धरलेला असतानाच. त्यातून गाडी दिवसभर पाण्यात. ब्रेकने तापलेला हब ओहोळाच्या थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून पाणी आत ओढून घेते. उन्हाळ्यात तपासलेलं बेअरिंग श्रावणात गंजलेलं सापडतं ते यामुळे.

कुठे वाजतंय

टकटक ऐकून बहुतेक जण हँडलकडे हात नेतात. पुढचं चाक उचलून, टायर वर-खाली धरून हलवलं की कोन सेट, फोर्कचे बुश आणि चाकाचं बेअरिंग या तिघांतलं काहीही हलू शकतं आणि हाताला सारखंच लागतं. म्हणून मी नुसतं हलवून निदान करत नाही. मालकाला टायर हलवायला सांगितलं आणि मी खाली बसून तर्जनीचं टोक ब्रेक प्लेट आणि हब यांच्या मधल्या फटीवर ठेवलं. फट बोटाखाली उघडत होती, मिटत होती. फोर्क जागेवर, हँडल जागेवर, आणि हब मात्र अ‍ॅक्सलभोवती डुलत होता. दुसऱ्या बाजूला बोट नेलं, तिथे काही नाही. म्हणजे बिघाड ब्रेककडच्या बाजूला.

चाक काढलं, ब्रेक प्लेट उचलली. बेअरिंग हबमधून काढायला पुलर लागला नाही, हातोडीही लागली नाही. दोन बोटं आत घालून ओढलं आणि ते तळहातात आलं. जे बेअरिंग गरम केल्याशिवाय निघता कामा नये ते असं हातात येणं मला अजूनही अस्वस्थ करतं. त्याच्या बाहेरच्या कड्यावर काळपट राखाडी चिखलासारखा लेप होता. तो चिखल नव्हता. बोटावर चोळला की चकाकतो, चिमटीत घेतला की कण टोचत नाहीत, पिठासारखे पसरतात. अ‍ॅल्युमिनियम पोलादावर घासून जी पूड होते ती ही. ही पूड दिसली की मोजायच्या आधीच कळतं, बेअरिंग आपल्या घरात, म्हणजे हबमधल्या बसायच्या भोकात, फिरतंय.

घर पुसून स्वच्छ केलं तेव्हा जुन्या दुरुस्तीची खूणही दिसली. आतल्या भिंतीवर सेंटर पंचाचे वीस-बावीस ठोके होते. कुणीतरी आधी ढिलं बेअरिंग घट्ट बसवायला पंच मारून अ‍ॅल्युमिनियम उचललं होतं. रस्त्यावर अडकलेल्या माणसाला घरापर्यंत पोचवायला हा उपाय ठीक आहे. पण मग बेअरिंग भिंतीला टेकत नाही, नुसत्या त्या टोकांवर टेकतं, आणि मऊ धातूची ती टोकं काही दिवसांत चेपतात. त्यानंतर घर आधीपेक्षा मोठं झालेलं असतं.

मापं

बेअरिंग होतं 6202. आतला व्यास 15 मिलिमीटर, बाहेरचा 35, रुंदी 11. दुचाकीच्या कामात सगळीकडे भेटणारा नंबर, कुठल्याही दुकानात मिळतो. बोअर गेजने घर तीन दिशांनी मोजलं: 35.16, 35.19, 35.21. तोंडाशी आणखी रुंद, 35.24. दुसऱ्या बाजूचं घर 34.98, म्हणजे ठणठणीत.

चाकात आतलं कडं अ‍ॅक्सलवर स्थिर असतं आणि बाहेरचं हबबरोबर फिरतं. वजन मात्र नेहमी एकाच दिशेने येतं. त्यामुळे भाराचा बिंदू बाहेरच्या कड्याच्या पूर्ण परिघावरून फिरत राहतो. बाहेरचं कडं जरा जरी ढिलं असलं तर ते घरात सरकायला लागतं, जसं सैल अंगठीत बोट फिरवलं की अंगठी हळूहळू मागे सरकते. किती सरकतं याचा हिशेब करता येतो. फट 0.19 मिलिमीटर, म्हणजे दोन परिघांतला फरक सुमारे 0.6 मिलिमीटर. चाकाच्या दर फेरीला कडं घरात तेवढं सरकतं. या चाकाच्या किलोमीटरला साधारण 470 फेऱ्या होतात, म्हणजे 280 मिलिमीटर. कड्याचा परीघ 110 मिलिमीटर. दर किलोमीटरला बेअरिंग आपल्या घरात अडीच वेळा फिरून येतं, आणि मधे पाणी, माती, अ‍ॅल्युमिनियमची पूड. असं घर एकदा ढिलं झालं की थांबत नाही.

म्हणूनच चाकाच्या बाबतीत नियम असा, की बाहेरचं कडं हबमध्ये गच्च आणि आतलं अ‍ॅक्सलवर हाताने सरकेल इतपत. इंजिनच्या फिरत्या शाफ्टवर हेच बरोबर उलट असतं. दोन्हीकडे एकच पद्धत लावणारे मेकॅनिक मी पाहिलेत, चांगले हात असलेलेही.

पण घर पहिल्यांदा ढिलं का झालं? मालकाचं म्हणणं, गेल्या वर्षी एका उंच दगडावरून चाक वाकडं पडलं होतं, तेव्हापासून. मला ते पटलं नाही. दगडाच्या माराने स्पोक तुटतात, रिम चेपते, हबच्या कडेला तडा जातो. इथे रिम सरळ होती आणि तडा कुठेच नव्हता. केरोसीन लावून, पुसून, वर खडूची पूड भुरभुरवून पाहिलं. तडा असता तर आत मुरलेलं केरोसीन खडूवर ओल्या रेघेसारखं उमटलं असतं. काही उमटलं नाही.

उत्तर स्पेसरमध्ये होतं. दोन बेअरिंगांच्या मधे, अ‍ॅक्सलभोवती एक साधी नळी असते. कुणीही हातात घेऊन सहज बाजूला ठेवावी अशी ही वस्तू. तिचं काम एकच: अ‍ॅक्सलचा नट आवळला की दोन्ही आतली कडी या नळीवर टेकावीत आणि सगळा ताण नळीने घ्यावा. हबच्या आत बेअरिंगं ज्यांना टेकतात त्या दोन खांद्यांमधलं अंतर डेप्थ गेजने मोजलं, 62.00 मिलिमीटर. स्पेसर एका बाजूने 60.60, दुसऱ्या बाजूने 60.30. दोन्ही टोकांवर कानशीचे आडवे ओरखडे.

गोष्ट सरळ उलगडली. जुनं बेअरिंग ठोकून काढताना कुणीतरी लांब पंच स्पेसरच्या टोकावर मारत राहिला असणार. टोक फुलून कुत्र्याच्या छत्रीसारखं झालं असणार, मग ते नवीन बेअरिंगवर नीट टेकेना म्हणून कानस मारून सपाट केलं. त्यात नळी दीड मिलिमीटर आखूड झाली, वर तिरकीही. आता नट आवळला की नळीला टेकण्याआधीच दोन्ही आतली कडी एकमेकांकडे ओढली जातात, गोळ्या खाचेच्या मधोमध न धावता कडेवर चढतात, बेअरिंग आवळून बसतं. आवळलेलं बेअरिंग आतून फिरायला विरोध करतं, म्हणून बाहेरचं कडं हबमध्ये फिरायला बघतं. ब्रेककडची बाजू तापते, तिथलं अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, पकड तिथे आधी सुटते. घर तिथेच गेलं.

मालकाला स्पेसर व्हर्निअरमध्ये धरून दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी दोनदा नवीन बेअरिंग घातलं ते फुकट." फुकटच होतं. आम्ही नुसतं घर दुरुस्त करून हाच स्पेसर परत घातला असता तर आमचं कामही त्याच वाटेने गेलं असतं.

कुठला उपाय

तीन वाटा होत्या. पहिली, बाटलीतलं रिटेनिंग कंपाउंड लावून बेअरिंग चिकटवणं. 0.2 मिलिमीटरची फट भरणारी कंपाउंड मिळतात आणि नव्या, गोल, कोरड्या घरात ती उत्तम धरतात. इथे घर तोंडाकडे फाकलेलं, पंचाने खड्डे पडलेलं, आणि बेअरिंग मधोमध बसेल याची खात्री नाही. मधोमध नाही म्हणजे ब्रेकचा ड्रम लंगडणार. दुसरी वाट, आतून वेल्डिंग भरून पुन्हा बोअर करणं. पन्नास वर्षांचं ओतीव, ग्रीस प्यायलेलं अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंगला नीट घेत नाही, छिद्रं पडतात, आणि उष्णतेने हब वाकतो. तिसरी, घर मोठं करून आत नवी बुश, म्हणजे धातूची आखूड नळी, बसवणं. हीच घेतली.

त्याआधी एक खात्री करायची होती. त्या काळातले काही हब मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असत. मॅग्नेशियमचा बारीक कीस लेथवर पेट घेतो आणि पाणी मारलं की आणखी भडकतो. ओळखायची सोपी रीत आहे. शेजारच्या काकूंकडून माडाच्या सुरेचं व्हिनेगर वाटीभर आणलं, हबची आतली बाजू खरवडून उघड्या धातूवर दोन थेंब टाकले. मॅग्नेशियम असतं तर लगेच फसफसून बुडबुडे आले असते. थेंब तसेच पडून राहिले. अ‍ॅल्युमिनियम.

रिमसकट चाक म्हापशाच्या टर्नरकाकांच्या लेथवर फिरण्याइतकी जागा नव्हती, म्हणून स्पोक खोलावे लागले. खोलण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो घेतले आणि हबच्या तोंडापासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टी लावून लिहून ठेवलं. 36 स्पोक, दोन दिवस डिझेल लावून भिजवले, तरी तीन निपल, म्हणजे स्पोकच्या टोकाचे नट, पिळवटलेच.

लेथवर

टर्नरकाकांचा हात पक्का आहे. त्यांनी हब उचलला, बाहेरून फिरवून पाहिला आणि कडेवर चक, म्हणजे लेथची पकड, आवळायला घेतला. मी थांबवलं. ती कड ओतीव आहे, कधी मशीनवर गेलेलीच नाही. तिला धरून मध्य काढला तर घर गोल येईल, पण चाकाच्या मध्याशी जुळणार नाही. आपल्याला भरवसा दोनच जागांचा: दुसऱ्या बाजूचं शाबूत घर आणि ब्रेक ड्रमचा आतला पृष्ठभाग. काका क्षणभर गप्प राहिले, मग चार जबड्यांचा (जॉचा) चक चढवला आणि लांब काडीचा डायल गेज पार आत, पलीकडच्या घराला लावला. एक जॉ सैल, समोरचा आवळ, पुन्हा फिरव. पाऊण तास गेला. शेवटी पलीकडच्या घरावर काटा 0.02 च्या आत आला, आणि ड्रमवर 0.04. ड्रमला वेगळा कट घ्यायची गरज उरली नाही.

घर 40.00 पर्यंत मोठं केलं. बाहेर साडेचार मिलिमीटरची भिंत शिल्लक राहत होती, याहून पुढे मी गेलो नसतो. तळाचा खांदा जिथे होता तिथेच ठेवला, त्याला बिट लागू दिली नाही, नाहीतर 62 चं माप हललं असतं.

बुश कशाची, यावर आमचं जरा वाजलं. काकांना पोलादाची हवी होती, "टिकते." टिकते खरी, पण हब तापला की अ‍ॅल्युमिनियम तिच्यापासून सुटतं. बुश आणि हब एकाच जातीच्या धातूचे असले की दोघं बरोबर वाढतात, बरोबर आकसतात. म्हणून बाजारात मिळणारा एचई-30 अ‍ॅल्युमिनियमचा रॉड घेतला. बुशचा बाहेरचा व्यास 40.05, आतून मुद्दाम लहान, 34.50. शेवटचा कट हबमध्ये बसल्यावरच घ्यायचा होता.

पाच शतांश मोठी बुश छोट्या भोकात घालायची तर हब तापवायला हवा. एका ओळखीच्या पोदेराने पाव काढून झाल्यावर भट्टी वापरा म्हटलं, मनापासून म्हटलं. पण भट्टीचा आकडा कुणाला सांगता येत नाही, आणि या हबमध्ये ड्रमचं ओतीव लोखंडी अस्तर अ‍ॅल्युमिनियममध्ये धरलेलं आहे, फार तापलं तर तेच सुटायचं. घरचा केक भाजायचा ओव्हन 150 अंशांवर लावला. हबवर काजळीचा एक ठिपका काढून बंदुकीसारख्या थर्मामीटरने तापमान त्या ठिपक्यावर मोजलं. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो थर्मामीटर खूप कमी आकडा दाखवतो आणि माणूस तापवत राहतो. बुश रात्रभर फ्रीझरमध्ये होती. हिशेबाने हबचं भोक 0.11 मिलिमीटर वाढणार, बुश 0.04 आकसणार, म्हणजे 0.05 चा आवळ सोडून 0.10 ची मोकळीक. तीही फार तर अर्ध्या मिनिटासाठी.

हब गोणपाटावर ठेवला. काकांनी बुश सरळ धरली, सोडली, आणि ती आवाज न करता तळाला गेली. दहा सेकंदांनी धातूतून बारीक कट् असा आवाज आला. काका म्हणाले, "पळय, बसलें." बघ, बसली.

हब पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा चकमध्ये, पुन्हा डायल, पुन्हा पाऊण तास. बुश आतून 34.975 पर्यंत बोअर केली. शेवटचे दोन कट इतके हलके घेतले की कीस केसासारखा निघत होता. 35 मिलिमीटरच्या बेअरिंगला हबमध्ये लागणारा आवळ त्या मापात बरोबर मिळतो. आवळाने बेअरिंगची आतली मोकळीक थोडी खाल्ली जाते, म्हणून दोन्ही बेअरिंगं सी-3, म्हणजे नेहमीपेक्षा जरा जास्त मोकळिकीची, आणि दोन्हीकडून रबरी सीलची घेतली.

नवा स्पेसर काकांनीच एका झटक्यात करून दिला: दोन्ही टोकं लेथवर काटकोनात, लांबी 62.10. खांद्यांमधल्या अंतरापेक्षा एक दशांश जास्त, म्हणजे नट आवळल्यावर ताण नक्की नळीवरच येणार. आधी शाबूत बाजूचं बेअरिंग खांद्यापर्यंत, मग स्पेसर, मग ब्रेककडचं बेअरिंग स्पेसरला टेकेपर्यंतच. ते आपल्या खांद्याला टेकत नाही, केसभर फट राहते, आणि ती राहायलाच हवी. बेअरिंग बसवताना हब 100 अंशांवर होता, ठोकायची वेळच आली नाही.

स्पोक भरणं आणि चाक सरळ करणं यात एक दिवस गेला, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

जोडणी झाल्यावर मी एकच चाचणी महत्त्वाची मानतो. नट हाताने लावून चाक फिरवायचं, मग पूर्ण आवळून फिरवायचं. दोन्ही वेळा चाक सारखंच मोकळं फिरलं पाहिजे. ते फिरलं. जुना स्पेसर घालून हीच चाचणी मालकाला करून दाखवायचा मोह झाला होता, पण नव्या बेअरिंगांवर तो प्रयोग नको म्हणून सोडला.

अख्खा पावसाळा गाडी ओहोळात होती. नवरात्रात तो चाक घेऊन आला, मीच तसं बजावलं होतं. ब्रेक प्लेट उघडली, बेअरिंगभोवती कापूस फिरवला. ब्रेकची तपकिरी धूळ आली, राखाडी लेप नाही. बुशच्या कडेला नखाला लागेल अशी रेघसुद्धा नव्हती. ब्रेक धरला की लिव्हर आता शांत असतो, असं त्याने सांगितलं.

मग मी त्याला मागचं चाकही आणायला लावलं. ते कधी वाजलं नव्हतं, तक्रारही नव्हती. बेअरिंग गरम करून काढलं, घर घट्ट होतं, आणि मधला स्पेसर बाहेर घेतला. दोन्ही टोकांवर त्याच कानशीचे आडवे ओरखडे होते. माप खांद्यांपेक्षा 0.70 ने कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्पेसर घेऊन मी म्हापशाला टर्नरकाकांकडे गेलो.